रेल्वेत हाती पडलेल्या एका पुस्तकाने रेव्हरंड टिळकांचा संसार मोडला, आणि पाच वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला

रविवारी सकाळी अकोला किंवा अमरावतीच्या एखाद्या जुन्या चर्चवरून गेलात तर आतून पेटी-तबल्याचा आवाज येतो. मिनिटभर थांबून ऐकलं तर चाल ओळखीची वाटते. अभंगाची चाल, टाळांचा ठेका, शब्दही आपल्या वारकरी वळणाचे. फक्त नाव विठ्ठलाचं नसतं, येशूचं असतं.

या गाण्यांपैकी बरीचशी एकाच माणसाने लिहिली आहेत. नारायण वामन टिळक. मराठी ख्रिस्ती मंडळी ज्या 'उपासना संगीत' या पुस्तकातून गातात, त्यात एकट्या टिळकांची अडीचशेच्या आसपास गीतं आहेत.

आता टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्यच आठवतात. हे ते नव्हेत. हे रेव्हरंड टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत ज्यांची कविता पाठ केली, ते. आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान.

प्रार्थना, क्षमा आणि शांती यांवर या माणसाने आयुष्यभर लिहिलं. पण त्याचा स्वतःचा स्वभाव मुळीच शांत नव्हता. म्हणूनच त्याची गोष्ट वाचण्यासारखी आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, कडक आणि तापट. आई जानकीबाई मवाळ, देवभक्त, ओव्या-पदं रचणारी. नारायण लहान असतानाच आई गेली आणि घराशी असलेला धागा तुटला. पोरगं घर सोडून नाशिकला निघून गेलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांनी त्याला आसरा दिला आणि संस्कृत शिकवलं. घर सोडून चालू पडायची ही सवय मात्र पुढे मोठेपणीही गेली नाही.

१८८० मध्ये लग्न झालं. मुलगी जलालपूरच्या गोखल्यांची मनू, वय अकराच्या आसपास. हीच पुढे लक्ष्मीबाई. तिच्या माहेरचं सोवळं साधंसुधं नव्हतं. वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

संसार कसा होता? तर टिळक शीघ्रकवी, कीर्तनकार, वक्ते, शिक्षक, पण नोकरीत टिकायचं म्हणाल तर नाव नको. या गावाहून त्या गावाला. हातात पैसा आला की तो पुस्तकांवर जायचा, नाहीतर समोर आलेल्या गरजूच्या हातात. राग आला की भांडण आणि भांडण झालं की टिळक घराबाहेर. कधी परततील याचा नेम नाही. लक्ष्मीबाईंनी हे सगळं पुढे इतक्या हसतखेळत लिहिलंय की वाचताना आपण हसतो. पण पुस्तक मिटल्यावर विचार करा, या बाईने ते दिवस काढले कसे?

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. तिथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम सुरू झालं. 'ऋषी' नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. पण डोक्यात वेगळंच काहीतरी शिजत होतं. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांवरचा विश्वास उडाला होता. देव हा सगळ्यांचा बाप आणि माणसं ही एकमेकांची भावंडं, एवढ्यावर उभा राहणारा एखादा नवा धर्मच काढावा असं त्यांना वाटू लागलं होतं.

अशात राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. नागपूरहून तिकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा माणूस भेटला. त्या काळात गोरा साहेब डब्यात असला की आपल्या माणसाने अंग चोरून बसायचं, अशी रीत. पण याने सरकून जागा दिली. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही करून टाकलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं.

चरित्रकारांनी या माणसाचं नाव अर्नेस्ट वॉर्ड असं दिलंय. आपल्या वऱ्हाडाशी संबंध येतो तो इथे. वॉर्ड हा फ्री मेथडिस्ट मिशनचा. त्याच्या मिशनने पुढे यवतमाळला बस्तान बसवलं, आणि आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी मुळात यवतमाळचीच. अकोला, अमरावती, खामगाव या बाजूला अलायन्स मिशन होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत वऱ्हाडात लागोपाठ दुष्काळ पडले, तेव्हा पोरक्या झालेल्या अनेक मुलांना या मिशनांनी सांभाळलं. वऱ्हाडातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांची कहाणी त्या दुष्काळापासूनच सुरू होते.

तर, पुस्तक टिळकांनी ठेवून दिलं. पण शब्द दिला होता म्हणून पेन्सिल घेऊन वाचायला बसले. पुढे पुढे करत मत्तयच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि अडकले.

मत्तयचे पाच ते सात हे तीन अध्याय म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन. गांधीजींनाही ज्याने भुरळ घातली ते हेच. थोडक्यात सांगायचं तर त्यात असं आहे : प्रार्थना चव्हाट्यावर उभं राहून करू नका, खोलीचं दार लावून करा. लांबलचक बडबड नको, देवाला तुमची गरज आधीच ठाऊक असते. शत्रूवरही प्रेम करा. दुसऱ्याला क्षमा केली नाही तर स्वतःसाठी क्षमा मागायला तोंड उरत नाही. आणि सगळ्यात अवघड अट अशी, की देवापुढे अर्पण घेऊन गेलात आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. म्हणजे पूजा नंतर, भांडण मिटवणं आधी.

टिळकांना हे तीन अध्याय सोडवेनात. ज्या प्रश्नांची उत्तरं ते शोधत होते ती त्यांना इथे सापडली. मग टोपणनावाने ख्रिस्ती मासिकाशी पत्रव्यवहार, चर्चा, वाचन. १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताला जेमतेम दोन वर्षं होत होती. बाप्तिस्मा गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता तुकारामजी नाथोजी या आपल्याच माणसाच्या हातून घेतला, हेही मुद्दाम.

आणि घरी?

घरी २६ वर्षांची बायको आणि लहानगा दत्तू. तिच्यासाठी तर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. कुंकू आहे, पण संसार नाही. नातेवाईक तिला पंढरपूरला बहीण आणि मेव्हण्यांकडे घेऊन गेले. रडून रडून जीव अर्धा झाला. याच काळात तिने पहिल्यांदा कविता केली. धड शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई दुःख कुठे ठेवावं हे न कळून ओळी जुळवू लागली.

टिळकांचा निर्णय प्रामाणिक होता यात शंका नाही. पण जे तीन अध्याय वाचून त्यांनी हे पाऊल उचललं, त्यातच समेटाची ती अट होती. आणि ज्या माणसाच्या मनात त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त दुखलं होतं, ती त्यांची बायको होती. एका अर्थी, पुढची पाच वर्षं टिळक ती अट पुरी करत होते असं मला वाटतं.

त्यांनी पत्रं लिहिली. अहमदनगरला मिशनमध्ये काम मिळालं होतं, तिथून भेटायला येत राहिले. तू ख्रिस्ती हो, असा हट्ट त्यांनी धरला नाही. हळूहळू लक्ष्मीबाईही पुढे सरकल्या. आधी नगरला येऊन वेगळं राहणं. मग एकाच घरात दोन चुली, एक तिच्या सोवळ्याची, एक त्यांची. शेजारपाजारच्यांना ही व्यवस्था विचित्र वाटत असणार. पण भांडकुदळ टिळकांनी ती निमूट चालू दिली, यातच काय ते आलं.

राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न घोळू लागला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर गाय आणि घोडा जसे दिसताक्षणी वेगळे ओळखू येतात, तशी माणसंही आली असती. तशी ती येत नाहीत. मग हे आपलंच काम. कुणी उपदेश केला नव्हता, पुस्तक वाचलं नव्हतं. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने हे एकटीने बसून सोडवलं आणि ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही नवऱ्याच्या मागे जायचं म्हणून नाही, स्वतःला पटलं म्हणून.

या दोघांत कुणी कुणाला क्षमा केली? लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त असा हिशेब मांडलेला नाही. टिळकांचा राग, विसरभोळेपणा, उधळेपणा सगळं जसंच्या तसं लिहिलंय, आणि तरी पानोपानी या माणसावर जीव आहे हे दिसतं.

एकत्र आल्यावर नगरचं घर म्हणजे धर्मशाळाच झाली. पोरकी मुलं, विद्यार्थी, कवी, कुणीही यावं. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई छावणीतल्या आजाऱ्यांची सेवा करत होत्या. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनामागे टिळकांची प्रेरणा होती आणि बालकवींना ते नाव तिथेच मिळालं. ख्रिस्ती पाद्र्याच्या घरी ब्राह्मण पोरगा राहतो, कविता करतो, लक्ष्मीबाईंकडून लाड करून घेतो, आणि धर्माचं नावही मधे येत नाही. त्या काळात हे सोपं नव्हतं. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ बालकवी रेल्वेखाली गेले, तेव्हा या घरातला मुलगाच गेला.

१९०४ मध्ये टिळक रीतसर पाळक झाले. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. पण त्यांचं खरं काम गाण्यांत आहे. तोवर मराठी चर्चमध्ये बरीचशी इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गाणी असत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन आत आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. त्यांची प्रार्थना मागण्यांची यादी नसते. तुकोबा विठ्ठलाशी जसे रुसतात, भांडतात, आईला बिलगावं तसे बिलगतात, तसं टिळक ख्रिस्ताशी बोलतात. वऱ्हाडात ही गाणी रुजली यात नवल नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर आणि गाडगेबाबांच्या कीर्तनावर वाढलेल्या मुलखाला भजनातून देव कळतो, व्याख्यानातून नाही.

मिशनऱ्यांशी मात्र त्यांचं पूर्ण जमलं नाही. ख्रिस्त हवा पण साहेबी थाट नको, हे ते उघड बोलत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. जातीधर्माच्या भिंती न मानता ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचं एक कुटुंब, अशी ती कल्पना. कर्मठ ख्रिस्ती लोकांना हे पटलं नाही, आणि हिंदूंना तर टिळक आधीच परके झाले होते. दरबार बाळसं धरायच्या आतच ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले.

मागे एक मोठं काम अर्धवट राहिलं होतं. 'ख्रिस्तायन', येशूचं ओवीबद्ध चरित्र. टिळकांचे सुरुवातीचे काही अध्यायच लिहून झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या नावाने त्यांचा संसार एकदा मोडला होता, त्याच नावाच्या हजारो ओव्या त्या उतारवयात रचत बसल्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्यांचं निधन झालं, आणि 'ख्रिस्तायन' छापून आलं ते १९३८ मध्ये.