अँतोनियो मेउची : आजारी पत्नीसाठी घरातच ‘इंटरकॉम’ बसवणारा संशोधक

आज दारावरच्या इंटरकॉमचं बटण दाबलं की इंटरनेटवरून घरमालकाचा मोबाईल वाजतो. पण घरातल्या घरात तारेवरून बोलण्याचा खटाटोप दीडशेहून अधिक वर्षं जुना आहे.

अँतोनियो मेउची यांचा जन्म १८०८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. १८३४ मध्ये तिथल्या पेर्गोला नाट्यगृहात रंगमंचावरून कामगारांना सूचना देण्यासाठी त्यांनी नळीतून आवाज पोहोचवण्याची सोय केली. पुढे हवाना गाठलं, १८५० मध्ये न्यूयॉर्कजवळचं स्टेटन आयलंड. पत्नी एस्टर संधिवाताने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मेउचींनी तळघरातली कार्यशाळा आणि वरच्या मजल्यावरची त्यांची खोली तारेने जोडली.

पूर्ण पेटंटचा खर्च झेपेना, म्हणून १८७१ मध्ये त्यांनी पेटंट कार्यालयात शोधाची फक्त पूर्वसूचना नोंदवली. तिचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागे, फी दहा डॉलर. १८७४ नंतर तेही जमलं नाही. १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना मिळालं. १८८७ मध्ये न्यायालयाचा निकालही मेउचींच्या विरोधात गेला आणि १८८९ मध्ये त्यांचं निधन झालं.

२००२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने ठराव करून त्यांच्या कामाचा गौरव केला. टेलिफोनचा खरा जनक कोण, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.