शिखर हुकलेला ट्रेकर

पायाची जखम चिघळलेली, बूट साधे, ऑक्सिजनचा सिलिंडर अजून जन्मायचाय आणि सोबत तान्ह्या बाळासारखा सांभाळायचा काचेचा बॅरोमीटर. अशा अवस्थेत कुणी ज्वालामुखी चढायला निघालं तर तुम्ही त्याला वेड्यातच काढाल. २३ जून १८०२ रोजी अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट असाच निघाला होता. डोंगर होता आजच्या इक्वेडोरमधला चिंबोराझो. बर्फानं झाकलेला, शांत झालेला ज्वालामुखी, सुमारे ६,२६३ मीटर उंच. युरोपात तेव्हा हाच जगातला सर्वांत उंच डोंगर समजत.

हम्बोल्टचा जन्म १७६९ मधला, बर्लिनच्या सधन घरातला. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. मुलानं सरकारी नोकरी धरावी ही आईची इच्छा. (ओळखीचं वाटतंय ना?) त्यानं ती धरली, प्रशियाच्या खाण खात्यात. नुसता पगार घेत बसला नाही. खाण कामगारांसाठी पदरच्या पैशानं शाळा काढली, जमिनीखाली वापरायचा सुरक्षित दिवा बनवला. पण डोक्यात सतत प्रवास. १७९६ मध्ये आई गेली, वारशाचा पैसा हाती आला आणि त्यानं नोकरी सोडली. तीन वर्षांनी एमे बोंप्लां या वनस्पती अभ्यासकाबरोबर तो स्पेनहून जहाजात बसला.

चिंबोराझोआधी क्विटोजवळच्या पिचिंचा ज्वालामुखीवर तो तीनदा गेला. एकदा चक्कर येऊन पडला. तरी परत गेलाच, आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी पालथा पडून आत डोकावला.

आता त्या दिवसाकडे या. बर्फाची रेषा आली तसे बहुतेक हमाल थांबले. पुढे गेले चौघंच: हम्बोल्ट, बोंप्लां, क्विटोचा तरुण कार्लोस मोंतुफार आणि एक स्थानिक माणूस. वाट म्हणजे काही ठिकाणी वीतभर रुंदीची धार. एका बाजूला काचेसारखा बर्फाचा उतार, दुसरीकडे दरी, भोवती दाट धुकं. हातापायांवर रांगत जायचं. मळमळ, हिरड्यांतून रक्त, डोळे लालभडक. तरी मधूनमधून थांबून, बधिर बोटांनी बॅरोमीटर लावून उंचीची नोंद चालूच. माझ्या मते त्याचा खरा पराक्रम हाच.

मग धुकं क्षणभर हटलं. शिखर समोर दिसलं, पण मध्ये भलीमोठी घळ. ओलांडणं शक्यच नव्हतं. बॅरोमीटरच्या हिशेबानं ते ५,९०० मीटरच्या आसपास होते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या साडेतीन पटींहून जास्त. युरोपातल्या नोंदींत एवढ्या उंचीवर कुणीच गेलं नव्हतं. इंका लोक मात्र अँडीजमध्ये शतकांपूर्वीच ६,७०० मीटरवर पूजास्थानं बांधून आले होते, हेही लक्षात असू द्या.

ते परत फिरले. वाटेत गारा, मग बर्फ. युरोपात लोक विचारणार म्हणून दगडाचे तुकडे खिशात घातलेले. पण खरा ऐवज होता निरीक्षणांचा. खाली ताडासारखी झाडं, वर झुडपं, मग गवत, शेवटी खडकाला चिकटलेलं दगडफूल. उंचीबरोबर हवा बदलते आणि हवेबरोबर झाडं, हे त्यानं एका चित्रात मांडलं. १८०७ मध्ये छापलेल्या त्या चित्रात चिंबोराझो उभा कापून दाखवलाय. कुठलं झाड किती उंचीवर, ते त्यावरच लिहिलंय. कडेच्या रकान्यांत तापमान, हवेचा दाब, अगदी आकाशाच्या निळेपणाचं मापसुद्धा!

ही तुलना त्याला हिमालयात करायची होती. परवानगीसाठी तो १८१४, १८१७ आणि १८१८ मध्ये लंडनला गेला. ईस्ट इंडिया कंपनी त्या शेवटच्या वर्षी इकडे पेशवाई बुडवत होती. हम्बोल्टला तिनं हिंदुस्थानात येऊ दिलंच नाही.

चिंबोराझोचं शिखर १८८० मध्ये एडवर्ड व्हिम्परनं दोन इटालियन वाटाड्यांसह गाठलं. हम्बोल्ट त्याआधीच, १८५९ मध्ये वारला होता. त्याच वर्षी युलिउस श्राडरनं रंगवलेल्या चित्रात ८९ वर्षांचा, पांढऱ्या केसांचा हम्बोल्ट बसलाय. पाठीमागे चिंबोराझो.