सूर्यामागे फिरणारा आरसा

उन्हावर बर्फ तयार होतो, असं कुणी सांगितलं तर आपण त्याच्याकडे जरा संशयानेच पाहू. पण १८७८ च्या सप्टेंबरात, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते खरोखरच घडलं. दिव्याची छत्री उलटी ठेवावी तशा आकाराच्या एका अवाढव्य आरशाने ऊन गोळा केलं, त्या उन्हाने पाण्याची टाकी तापली, त्या उष्णतेवर शीतयंत्र चाललं आणि बर्फ हाती आला. हे घडवून आणणारा माणूस कारखानदार नव्हता, नामांकित शास्त्रज्ञही नव्हता. तो शाळेत गणित शिकवणारा मास्तर होता. त्याचं नाव ऑग्युस्तँ मूशो.

फ्रान्समधल्या एका लहान गावी, कुलपं बनवणाऱ्या कारागिराच्या घरात १८२५ साली मूशोचा जन्म झाला. शिक्षण पुरं करून त्याने गावोगावच्या शाळांत नोकऱ्या केल्या. १८६० च्या सुमारास त्याला एका काळजीने घेरलं. फ्रान्सचे कारखाने, आगगाड्या, बोटी सगळं कोळशावर चाललेलं. जमिनीतला हा साठा एक दिवस संपला, तर पुढे काय?

उत्तर त्याला डोक्यावरच दिसलं. काळं रंगवलेलं धातूचं भांडं काचेच्या आवरणात ठेवलं, की आत शिरलेली उष्णता सहजी बाहेर पडत नाही. त्याच्या जोडीला आरसा दिला, की पाणी उकळतं. १८६१ साली त्याने पेटंट घेतलं. १८६६ साली बादशहा तिसऱ्या नेपोलियनला आपलं यंत्र दाखवलं आणि १८६९ साली सौर उष्णतेवर पुस्तकही लिहिलं.

खरी अडचण वेगळीच होती. सूर्य एका जागी थांबत नाही. आकाशात तो तासाला १५ अंश सरकतो आणि आरसा जागीच राहिला, तर टाकीवरचं ऊन पाहता पाहता निसटतं. म्हणून मूशोने आरसा अशा आसावर बसवला, की तो पृथ्वीच्या आसाला समांतर राहावा आणि सूर्याबरोबर हळूहळू फिरवता यावा. ऋतूप्रमाणे त्याचा कलही बदलावा लागे. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला यातलं मर्म चटकन उमगतं. सूर्याच्या खात्यात थकबाकी नसते. आलेलं ऊन त्या क्षणी वसूल केलं नाही, तर ते कायमचं बुडालं.

त्याच काळात आपल्या मुंबईतही अशीच धडपड चालली होती. हायकोर्टातले अधिकारी विल्यम ॲडम्स यांनी मूशोचा धागा उचलला. चांदीचा मुलामा दिलेला धातूचा आरसा महाग पडतो, म्हणून त्यांनी साध्या काचेचे पुष्कळ सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले. सूर्य सरकेल तशी ही मांडणी सरकवायला माणूस ठेवावा लागे. या प्रयोगांवरचं त्यांचं पुस्तक १८७८ साली मुंबईत निघालं.

मूशो पुढे शिकवण्याकडे परतला आणि त्याचा सहकारी आबेल पिफ्र याने काम चालू ठेवलं. ऑगस्ट १८८२ मध्ये पिफ्रने पॅरिसच्या त्युइलरी बागेत उन्हावर छापखाना चालवला. त्या दिवशी ढग येत-जात होते. तरीही तासाला ५०० प्रती निघत राहिल्या, कारण टाकीतलं तापलेलं पाणी ढगाआडची काही मिनिटं सांभाळून घेई.

पण हिशेब आड आला. १८८१ साली मोंपेलिये शहरात सरकारतर्फे या यंत्राची मोजमापं झाली आणि फ्रान्सच्या हवामानात ते परवडणारं नाही, असा निष्कर्ष निघाला. रेल्वेने कोळसा स्वस्तात दारी येत होता. एखाद्या कर्जाच्या प्रस्तावावर मीही कदाचित तसाच शेरा मारला असता. त्या दिवसाच्या दरांत तो शेरा बरोबरच होता. पुढच्या दरांचा रकाना मात्र त्या कागदावर नव्हता.

आज आपल्या गच्चीवरच्या सौर पॅनेलला उष्णता नको, प्रकाश हवा असतो. उलट तापलेल्या पॅनेलचा दाब म्हणजे व्होल्टेज उतरतो. पाण्याच्या टाकीसारखी शिल्लकही त्याच्यापाशी नसते. ढग आला की विद्युतप्रवाह लगेच घटतो. वीज मिळते ती या दोहोंच्या गुणाकाराएवढी. व्होल्टेज फार चढवलं तर प्रवाह आटतो, फार उतरवलं तर प्रवाह असूनही वीज थोडी. मधे कुठेतरी गुणाकार सर्वांत मोठा असतो आणि ऊन बदललं की ती जागाही हलते. म्हणून पॅनेलला जोडलेलं यंत्र सतत चाचपत राहतं. व्होल्टेज किंचित बदलतं, वीज वाढली तर त्याच दिशेने पुढे जातं, घटली तर माघारी फिरतं. रेडिओचं बटण इकडेतिकडे करून स्टेशन लावावं, तसंच हे. याला मॅक्झिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग म्हणतात. आरसा फिरवणाऱ्या माणसाची ही पाळी आता दिवसभर एक इलेक्ट्रॉनिक मंडल सांभाळतं.

मूशोने यातलं काही पाहिलं नाही. प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलेला हा मास्तर १९१२ साली पॅरिसमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, गरिबीत वारला. तेव्हा कोळसा स्वस्त होता आणि त्याची यंत्रं कुणाला नको होती.