विश्लेषण : मातीची उभी भिंत कशाच्या बळावर टिकते? कार्ल तेर्झागी यांनी काय दाखवून दिले?

अंधेरीत पुनर्विकासाच्या इमारतींखाली वाहनतळांसाठी खोल खड्डे खणले जातात. येथे बेसॉल्ट खडकावर मुरूम, भराव, काही ठिकाणी चिकणमातीही असते. घट्ट चिकणमातीत घेतलेला उभा छेद काही दिवस आधाराविना टिकतो आणि एकाएकी ढासळतो. असे का होते, हे समजण्याचा पाया तेर्झागी यांनी घातला.

तेर्झागी कोण होते?

मृदा यांत्रिकीचे जनक मानले जाणारे तेर्झागी २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्रागमध्ये जन्मले. ग्राझ येथे ते यंत्र अभियांत्रिकी शिकले, पण बांधकामांवर काम करताना जमिनीविषयीचे अंदाज वारंवार फसतात, हे त्यांना खटकले. १९१६मध्ये ते इस्तंबूलला अध्यापनासाठी गेले. तेथे हाताशी असलेल्या साध्या साहित्यातून उपकरणे बनवून, दाबलेल्या चिकणमातीतून पाणी किती वेगाने निघते, हे ते मोजत राहिले. १९२५मध्ये त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेतील एमआयटी, व्हिएन्ना आणि १९३८पासून हार्वर्ड येथे त्यांनी काम केले.

त्यांचे सूत्र काय?

मातीवरील एकूण दाबातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा केला, की मातीचे कण एकमेकांवर किती रेटून बसले आहेत ते कळते. मातीची ताकद त्यावरच ठरते. खोदकामात वरचे ओझे हटते, तेव्हा घट्ट चिकणमातीतील पाण्याचा दाब शून्याखाली जाऊ शकतो. हेच सक्शन. ते कणांना जखडून ठेवते. मात्र हळूहळू पाणी आत ओढले जाते, सक्शन ओसरते आणि बळही घटते. पावसाळ्यात हे लवकर घडू शकते.

ते मोजतात कसे?

सच्छिद्र सिरॅमिक टोक असलेला, पाण्याने भरलेला टेन्सिओमीटर मातीत बसवतात. साध्या उपकरणात सक्शन सुमारे एक वातावरण दाबाजवळ पोहोचले की बुडबुडे होऊन मोजणी बिघडते. घट्ट चिकणमातीत ते याहून कितीतरी जास्त असू शकते. त्यासाठीचे उपकरण १९९०च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात विकसित झाले.

त्यांचा वारसा काय?

काम सुरू असताना मोजत राहावे आणि आकडे बदलले तर आराखडाही बदलावा, ही शिस्त तेर्झागी यांनी रुजवली. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. खड्ड्याची भिंत आज उभी आहे म्हणून ती उद्याही टिकेल, असे गृहीत धरता येत नाही. तिच्या पायथ्याशी काम करणाऱ्या मजुरांचा जीव या मोजणीवर अवलंबून असतो.