कर्मवीर होण्याआधीचे भाऊराव : नापास, बेरोजगार, आरोपी आणि नांगर विकणारा तरुण

सातारा-सांगलीत कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव माहीत नाही असं घर सापडणं अवघड. रयतच्या शाळेत शिकलेलं कुणी ना कुणी प्रत्येक घरात निघतंच. शाळेत लावलेला त्यांचा फोटोही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. भरघोस पांढरी दाढी, खादीचे कपडे, करारी नजर. पण त्या फोटोतला माणूस म्हातारा आहे, सगळं करून झालेला आहे. आज बोलायचंय ते वीस ते सदतीस या वयातल्या भाऊरावांबद्दल. कारण रयत शिक्षण संस्था निघाली तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते, आणि त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत त्यांच्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. गावातल्या लोकांनी मुलांना सांगावं, याच्यासारखा होऊ नको, अशीच ती वर्षं होती.

मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. जन्म मात्र आजोळी, कुंभोजला, २२ सप्टेंबर १८८७ चा. घर जैन शेतकऱ्याचं. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत कारकून, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. पोरगं लहानपणापासून दांडगं. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे बघून त्यानं विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवलं. राजाराम हायस्कूल आणि राहायला जैन बोर्डिंग.

तिथंच पहिली ठेच लागली. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. भाऊराव त्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसायचं, असा बोर्डिंगचा दंडक. भाऊरावांनी आंघोळ करायला साफ नकार दिला. बोर्डिंगची सूत्रं तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. शिस्त मोडली म्हणून भाऊरावांना बाहेर काढलं गेलं. त्या काळात त्यांना आसरा मिळाला तो शाहू महाराजांच्या राजवाड्यावर. लठ्ठ्यांनी काढलं आणि महाराजांनी ठेवून घेतलं, एवढं लक्षात असू द्या. सहा वर्षांनी याच दोन नावांच्या मध्ये भाऊराव चांगलेच सापडणार आहेत.

राजवाड्यावर राहून अभ्यास मात्र काही झाला नाही. तालीम आणि कुस्ती यांतच जास्त जीव. इंग्रजी सहावीच्या पुढं गाडी सरकली नाही. (याच माणसाला १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली, पण ती पुढची गोष्ट.) शिक्षण सुटलं. लग्न झालं. वडील तेव्हा कोरेगावला नोकरीला होते, भाऊराव तिथं येऊन राहिले. हातात काम नाही, शिक्षण अर्धवट, घरात बायको, आणि खायला बापाच्या पगाराचं. आज पुण्यात दोन-चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून रिकाम्या हातानं गावी परतलेल्या पोराला ही अवस्था समजावून सांगायला नको. जेवणाचं ताट पुढं येतं, पण घास उतरत नाही. वडिलांनी एक दिवस रिकामं बसून खाण्यावरून सुनावलं, ते भाऊरावांच्या वर्मी लागलं आणि त्यांनी कोरेगाव सोडून सातारा गाठला, असं सांगतात.

साताऱ्यात त्यांनी शिकवण्या धरल्या. स्वतः सहावीत अडकलेला माणूस दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला लागला! लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. चार पैसे सुटायला लागले. घरात मान परत आला. एवढ्यावर थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण याच सुमाराला, १९१० मध्ये, त्यांनी मित्रांना सोबत घेऊन मिरज तालुक्यातल्या दूधगावला विद्यार्थी आश्रम काढला. सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छपराखाली राहतील अशी ती व्यवस्था होती. वय तेवीसच्या आसपास. पुढं जे अवाढव्य काम उभं राहिलं त्याची पहिली कच्ची वीट वारणाकाठच्या या गावात आहे, हे आपल्या सांगलीकरांनी तरी विसरू नये. साताऱ्याचं नाव मोठं झालं, दूधगाव मागं राहिलं.

मग १९१४ साल. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. संस्थानात खळबळ उडाली. संशय लठ्ठ्यांवर होता, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष हवी होती. ती भाऊरावांनी द्यावी असा दरबारी मंडळींचा आग्रह झाला. आता हिशेब बघा. लठ्ठे म्हणजे ज्यांनी बोर्डिंगमधून हाकलून दिलं ते. आणि कोल्हापूर दरबार म्हणजे ज्यांच्या घरचं अन्न खाल्लं ते. दुसरा कुणी असता तर जुना राग काढायला आणि उपकार फेडायला एकच संधी पुरली असती. एक खोटी साक्ष, आणि मोकळं. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांनाच आरोपी करून तुरुंगात टाकलं गेलं. तिथं इतका छळ झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर सुटका झाली. सव्वीस वर्षांचा माणूस साताऱ्याला परतला तो पुन्हा शून्यावर. शिकवण्यांची घडी विस्कटलेली, वर आरोपीचा शिक्का.

यानंतर भाऊरावांनी जे धरलं ते समाजसेवा वगैरे काही नव्हतं. पोटाचा धंदा होता. ते नांगर विकायला लागले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती आणि तिथं लोखंडी नांगर तयार होत होते. नांगर बनवणं एकवेळ सोपं, शेतकऱ्याच्या गळी उतरवणं अवघड. लोखंड जमिनीत गेलं की जमिनीला विष होतं, अशी त्या काळी समजूत होती. आपला लाकडी नांगर बरा, बापजाद्यांनी तोच धरला. अशा माणसाच्या बांधावर जाऊन उभं राहायचं, त्याच्याच रानात नांगर चालवून दाखवायचा, तळातली माती कशी पालथी होते, हरळीच्या काशा कशा वर येऊन उन्हात वाळतात हे त्याच्या डोळ्यांना दिसू द्यायचं. शिवाय बैलाच्या दोन-तीन जोड्या लागतात हेही कबूल करायचं. भाषण करून नांगर खपत नसतो. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावं लागतं, त्याची भाकरी खावी लागते, देणं किती आहे, पोरं काय करतात हे ऐकून घ्यावं लागतं. भाऊराव हे करण्यात पटाईत निघाले. ओगलेवाडीच्या काच कारखान्यासाठीही ते असेच फिरले.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत. महाबळेश्वरच्या डोंगरापासून माणदेशाच्या माळापर्यंत हा माणूस गावोगाव हिंडला. या फिरतीत त्यांना जे दिसलं, ते कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. गावात चौथीपर्यंतची शाळा असली तरी नशीब. त्यापुढं शिकायचं तर सातारा, कऱ्हाड असं मोठं गाव गाठायचं. पण तिथं राहायचं कुठं आणि खायचं काय? ब्राह्मण मुलाला निदान वार लावून जेवता तरी येत होतं. कुणबी, धनगर, रामोशी, मुसलमान यांच्या पोराला कोण दारात उभं करणार? आणि महार-मांगांच्या पोराला तर ओसरीही नव्हती. म्हणजे शाळा गावाबाहेर कुठंतरी होती, पण तिथं टिकून राहण्यापुरती भाकरी आणि पाठ टेकायला जागा नव्हती. म्हणून बाप सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचा आणि पोरगाही मोठेपणी तेच करायचा.

माझ्या मते भाऊरावांचं सगळ्यात मोठं शहाणपण इथं आहे. त्यांनी आधी शाळा काढली नाही. आधी राहण्या-जेवण्याची सोय काढली. बोर्डिंगमधून हाकललेल्या आणि बापाच्या ताटावर लाजलेल्या माणसाला ही अडचण इतरांपेक्षा लवकर कळली असणार.

४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याचा दिवस. कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक मंडळींच्या साक्षीनं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. नावही बघण्यासारखं आहे. ना देवाचं, ना राजाचं, ना देणगीदाराचं. रयत. भाऊरावांचा नांगराचा धंदा मात्र चालूच होता, कारण संस्था काढली म्हणून कुणी पगार देत नव्हतं.

पुढं साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्यासोबत ते कारखान्याच्या कामात उतरले. आपलं सातारा रोड स्टेशन आहे ना, तिथल्या पाडळीचा हा कारखाना. कूपर हे बडं प्रस्थ, पुढं १९३७ मध्ये काही महिने ते मुंबई प्रांताचे पंतप्रधानही झाले. भाऊरावांनी कारखान्यासाठी जिवाचं रान केलं ते एका बोलीवर, की नफ्यातला वाटा गोरगरिबांच्या शिक्षणाला मिळेल. तो शब्द पाळला गेला नाही, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. भाऊराव बाहेर पडले. पुन्हा एकदा हात रिकामे. या वेळी मात्र त्यांनी नवी नोकरी शोधली नाही.

१९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग सुरू केलं. वय सदतीसच्या घरात, उत्पन्न काही नाही, आणि घरात दुसऱ्यांची पोरं. कुठल्या जातीचं पोर आहे हे विचारायचं नाही आणि पंगत एकच. मुलांनी पहाटे उठायचं, पाणी भरायचं, झाडलोट करायची, लाकडं फोडायची, पाळीपाळीनं स्वयंपाकाला हात लावायचा आणि मग शाळेत जायचं. फुकट जेवल्याची लाज कुणाला वाटू नये, अशी ती रचना. गावोगावच्या बायका दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, ते गोळा करून आणायचं. मूठ-मूठ करून जमलेल्या जोंधळ्याच्या भाकरी, त्याही कधी पुरायच्या, कधी नाही.

आणि इथं लक्ष्मीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई. नवरा कधी तुरुंगात, कधी नांगर घेऊन परगावी. साताऱ्यात आल्यावर कुणाकुणाची पोरं चुलीपर्यंत यायला लागली. सुरुवातीला त्यांना ते जड गेलं असणार, जाणारच. पण पुढं त्याच त्या पोरांच्या आई झाल्या. माहेरहून आलेलं सोनं एकेक करून बोर्डिंगच्या किराण्यात गेलं. एकदा भाऊराव गावाला गेलेले, घरात धान्याचा कण नाही आणि पोरं उपाशी. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि त्या पैशात चूल पेटली. आपल्याकडे कर्मवीरांच्या जयंतीला मिरवणुका निघतात, ते योग्यच आहे. पण त्या मंगळसूत्राचा हिशेब कुठल्याच अहवालात नाही.

फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले असताना त्यांच्या हस्ते या बोर्डिंगचं नामकरण झालं. नाव ठेवलं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. ज्या संस्थानाच्या तुरुंगात जीव नकोसा झाला होता, त्याच राजाचं नाव भाऊरावांनी आपल्या पहिल्या मोठ्या कामाला दिलं. तुरुंगवास ते विसरले असतील असं वाटत नाही. पण मिस क्लार्क बोर्डिंगसारखी वसतिगृहं काढणारा राजा आणि तुरुंगात डांबणारा दरबार, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. राजकारणात इतकं मोठं मन आजकाल दुर्बिणीनंही दिसत नाही, असो. लठ्ठ्यांनीही पुढं शाहू महाराजांचं चरित्र लिहिलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग, १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज, मग खेडोपाडी शाळा, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडचं गाडगे महाराज कॉलेज, १९५९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी ९ मेला पुण्यात निधन. संस्थेचं पहिलं हायस्कूल निघालं ते १९४० मध्ये, साताऱ्यात, महाराजा सयाजीरावांच्या नावानं. कालेच्या त्या दसऱ्यानंतर तब्बल एकवीस वर्षांनी. तोपर्यंत शेकडो पोरं बोर्डिंगात राहून, दुसऱ्यांच्या हायस्कुलात शिकून बाहेर पडली होती.

लक्ष्मीबाई ते हायस्कूल बघायला नव्हत्या. १९३० मध्येच त्या गेल्या.