पाऱ्याचे थेंब तोलणारा माणूस

वरळी कोळीवाड्याच्या धक्क्यावर परवा माझा भाचा एक डबी घेऊन बसला होता. समोर माहीमची खाडी, ओहोटी लागलेली. पाण्यात प्राणवायू किती विरघळला आहे ते डबीवरच्या काट्याने सांगायचे. पण सोडियम सल्फाइट टाकून प्राणवायू संपवलेल्या बादलीतही काटा वर चढत होता! मेलेले पाणी जिवंत ठरले, तर मासळी कुठे गेली हे कुणाला कळणार? मला यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की आठवले.

प्रागमध्ये १८९० साली कायद्याच्या प्राध्यापकाच्या घरी ते जन्मले. लंडनला शिकले, १९१४ च्या उन्हाळ्यात घरी आले आणि महायुद्धाने परतीची वाट अडवली. ती वर्षे लष्करी इस्पितळात औषधे देण्यात गेली. १९१८ मध्ये तोंडी परीक्षेत कुचेरा या परीक्षकांनी पाऱ्याच्या थेंबांविषयी विचारले, आणि पुढे काही वर्षे हेरॉव्हस्की बारीक नळीतून पडणारे थेंब गोळा करून तोलत राहिले. (मी बँकेत चिल्लर मोजली आहे, तो कंटाळा मला ठाऊक आहे.)

१९२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी वजनाचा नाद सोडला आणि थेंबांतून वाहणारी वीजच मोजली. अँपिअरच्या दशलक्षांशांतला हा प्रवाह, म्हणून आरशाचा नाजूक गॅल्व्हॅनोमीटर लावला. दाब वाढवत नेला, तसा द्रावणातला एकेक पदार्थ आपापल्या पायरीवर हजेरी देऊ लागला. विरघळलेला प्राणवायूसुद्धा. १९२५ मध्ये शिकाता या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यांनी हे आलेख आपोआप काढणारे यंत्र केले. १९५९ चे नोबेल मिळाले. १९६७ मध्ये ते गेले.

भाच्याच्या डबीत पाऱ्याऐवजी पातळ पडद्याआडचा प्लॅटिनमचा ठिपका आहे, गॅल्व्हॅनोमीटरच्या जागी ऑप-अँपची चिप. ठिपक्याचा प्रवाह जेमतेम काही नॅनोअँपिअर. आणि त्याने बसवलेली ७४१ ही चिप स्वतःच्या तोंडाशी साधारण ८० नॅनोअँपिअर ओढते. तोच प्रवाह प्राणवायू म्हणून काट्यावर उमटत होता. मोजणाऱ्यानेच मापात हात घातला, म्हणा ना!

लॅमिंग्टन रोडवरून त्याने सीए ३१४० आणली. ती ओढते साधारण १० पिकोअँपिअर, म्हणजे आठ हजारांश. रविवारी बादलीत काटा शून्याला टेकला. मग त्याने तार खाडीत सोडली.