जागेची पारख

एखादा मोठा शास्त्रीय प्रकल्प उभारावयाचा ठरला की आपल्याकडे पहिली चर्चा सुरू होते ती तो कोणत्या जिल्ह्यात जावा याची. सरकारी जमीन कोठे मोकळी आहे, कोणता मतदारसंघ मागासलेला आहे, डांबरी रस्ता कोठवर पोचला आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की जागा मुक्रर झाली असे मानले जाते. त्या जागेने नेमके कोणते काम करावयाचे आहे, हा प्रश्न मग तज्ज्ञांच्या अहवालाच्या परिशिष्टात वाचावयास मिळतो. डॉ. विक्रम साराभाई यांनी हा क्रम उलटा केला. भारतीय अवकाशसंशोधनाचे जनक म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु जागेची पारख करणारा माणूस म्हणून त्यांच्या चरित्राकडे क्वचितच पाहिले जाते.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण चालू असताना दुसरे महायुद्ध पेटले आणि हा तरुण मायदेशी परतून बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागला. विषय निवडला तो विश्वकिरणांचा. या विषयाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याखेरीज साराभाईंची पुढील कारकीर्द नीट उलगडत नाही. अवकाशातून पृथ्वीवर येणारे हे कण विद्युत्भारित असल्याने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळविते. विषुववृत्ताच्या आसपास केवळ अतिशय वेगवान कणांनाच आत शिरता येते. ध्रुवांकडे मंद कणांनाही वाट मिळते. शिवाय जितके उंच जावे तितकी हवा विरळ आणि कणांची संख्या अधिक. म्हणजे तेच उपकरण बंगलोरला एक सांगते आणि हिमालयात दुसरे. अशा शास्त्रात जागा ही उपकरणाचाच एक भाग असते, आणि ती चुकली तर उपकरण कितीही नामी असले तरी हाती येणारे आकडे निरुपयोगी ठरतात. १९४३ साली साराभाई मोजमापांसाठी काश्मीरच्या डोंगरांत गेले ते याच कारणाने. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि उष्ण कटिबंधातील विश्वकिरणांवर प्रबंध लिहून १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले.

त्याच वर्षी अहमदाबादेत त्यांनी दोन संस्थांची उभारणी हाती घेतली. एक भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि दुसरी कापडगिरण्यांसाठी चालविलेली ‘अटिरा’ ही संशोधनसंस्था. चरित्रकार बहुधा या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत टाकतात. एक विद्वत्तेची, दुसरी घरच्या धंद्याची. ही विभागणी फसवी आहे. त्या काळी गिरणीत कापसाची प्रत, सुताचा पीळ, हवेतील दमटपणा या साऱ्याचा निवाडा अनुभवी जॉबर हाताने आणि नजरेने करीत असे, आणि त्या अनुभवाला मोजपट्टी लावणे हा त्याला अपमान वाटे. साराभाईंना स्वतःला कापडविद्येचे शिक्षण नव्हते. तरीही नमुने घ्यावेत, ते तपासावेत, आकडे मांडावेत आणि दोष तयार ताग्यात शोधण्याऐवजी कापसाच्या गाठीपासूनच शोधीत यावे, ही शिस्त त्यांनी तेथे रुजविली. गुणवत्तेची हमी शेवटच्या तपासणीतून मिळत नाही, ती आरंभीच्या निवडीत असते, हे ज्ञान त्यांना गिरणीने दिले. पुढे अग्निबाणांच्या जागा शोधताना ते उपयोगी पडले.

प्रयोगशाळेने विश्वकिरणांच्या नोंदींसाठी कोडाईकनाल, गुलमर्ग, त्रिवेंद्रम अशी केंद्रे चालविली. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंतचा हा पट्टा साराभाईंच्या डोळ्यांपुढे कायम होता. म्हणूनच १९६२ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली अवकाशसंशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि अग्निबाण सोडण्यास जागा हवी असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी नकाशावर मोकळी जमीन शोधली नाही. आधी प्रश्न ठरविला. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर, जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, दिवसा एक प्रबळ विद्युत्प्रवाह अरुंद पट्ट्यातून वाहतो. त्या उंचीवर फुगा पोचत नाही आणि उपग्रह तेथे टिकत नाही. तेथे जाऊ शकतो तो केवळ लहान अग्निबाण. हा प्रवाह अभ्यासावयाचा तर त्या पट्ट्याच्या ऐन खालीच उभे राहावयास हवे. जगात चुंबकीय विषुववृत्त बहुतेक समुद्रांवरून आणि दुर्गम मुलखांतून जाते. केरळच्या दक्षिण भागात मात्र ते वस्ती, रेल्वे आणि विमानतळ यांच्या जवळून जात होते.

केरळच्या किनाऱ्यावरील जागा पाहण्याच्या कामी साराभाईंचे उजवे हात होते ते कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस. विश्वकिरणांच्या संशोधनातूनच आलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव महाराष्ट्रात जेवढे माहीत असावयास हवे तेवढे नाही. अनेक ठिकाणे पाहून झाल्यावर त्रिवेंद्रमजवळचे थुंबा निश्चित झाले. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस लोहमार्ग, आणि मध्ये मच्छीमारांच्या झोपड्या व मेरी मॅग्डलीनचे चर्च. चर्चची इमारत आणि बिशपचे घर यांतच तळाचे काम सुरू झाले. अग्निबाणाचे सुटे भाग सायकलवरून नेल्याची छायाचित्रे पुढे प्रसिद्ध झाली आणि त्यांचे कौतुक झाले ते साधेपणाचे. वस्तुतः कौतुक व्हावयास हवे होते ते निवडीचे. इमारती नंतर बांधता येतात. चुंबकीय विषुववृत्त हलविता येत नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकन बनावटीचा ‘नाइके-अपाचे’ तेथून उडाला आणि त्याने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा ढग संध्याकाळच्या आकाशात केरळच्या लोकांनी पाहिला.

यानंतर साराभाईंनी केलेली एक गोष्ट सरकारी खात्यांच्या स्वभावाशी जुळणारी नव्हती. त्यांनी ही जागा परक्यांना तपासू दिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने शास्त्रज्ञांचे मंडळ १९६४ मध्ये थुंब्याला येऊन गेले, आणि त्यांच्या शिफारशीनंतर हे तळ आंतरराष्ट्रीय सहकार्याचे केंद्र म्हणून मान्य झाले. फेब्रुवारी १९६८ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ते संयुक्त राष्ट्रसंघाला समर्पित केले. ज्यांना जागेच्या यशात वा अपयशात कोणताही स्वार्थ नाही अशांची नजर तिच्यावरून फिरणे, हीच खरी तपासणी होय. अहवाल लिहिणारा आणि अहवाल मंजूर करणारा एकाच कचेरीत बसत असतील, तर कागद कितीही जाड असला तरी त्याला तपासणी म्हणता येत नाही.

थुंबा नावारूपास आले तेव्हा खरी कसोटी लागली. आता उपग्रह सोडावयाचे होते. माणसे तयार झाली होती, कार्यशाळा उभ्या होत्या, पैसा गुंतला होता; आहे तेच तळ वाढवावे, हा मोह कोणालाही झाला असता. पण थुंबा पश्चिम किनाऱ्यावर. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणाला तिच्या गतीचा फायदा मिळतो. आपल्या अक्षांशांवर तो सेकंदाला सुमारे ४५० मीटर भरतो. थुंब्याहून पूर्वेकडे सोडावे तर खाली तमिळनाडूची दाट वस्ती. पश्चिमेकडे सोडावे तर फायद्याचा तोटा होतो. एका कामासाठी सर्वोत्तम ठरलेली जागा दुसऱ्या कामासाठी अयोग्य आहे, हे तिच्या निवडकर्त्यानेच मान्य करून पूर्व किनाऱ्यावर नवा शोध आरंभला. त्यातही चिटणीस होतेच. मद्रासच्या उत्तरेस, पुलिकतचे सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्या मधील श्रीहरिकोटा हे बेट १९६९ मध्ये निवडले गेले, आणि ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथून पहिला ‘रोहिणी’ अग्निबाण उडाला.

एक गोष्ट येथे नमूद करणे प्राप्त आहे. या बेटावर यानादी आदिवासी राहत होते, थुंब्याला मच्छीमार राहत होते, आणि दोन्ही ठिकाणच्या लोकांना उठावे लागले. उड्डाणमार्गाखाली येणाऱ्या माणसांच्या जिवाचा हिशेब साराभाईंनी काटेकोरपणे केला. ज्या माणसांच्या पायाखालची जमीन घ्यावयाची त्यांचा हिशेब मात्र त्या काळच्या निकषांत पुरेशा वजनाने आला नव्हता. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही, पण न सांगितल्यास चरित्र अपुरे राहते.

१९६६ च्या जानेवारीत डॉ. होमी भाभा विमान अपघातात गेल्यानंतर अणुऊर्जा आयोगाची धुराही साराभाईंकडे आली. एकीकडे आयोग, दुसरीकडे अवकाश, आणि त्यातच उपग्रहसंदेशवहनाची आखणी. उपग्रहाकडून येणारा संदेश अतिक्षीण असतो आणि जमिनीवरील इतर रेडिओलहरींचा गोंगाट त्याला सहज बुडवितो. म्हणून अशा केंद्राला डोंगरांचा आडोसा लागतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे ते केंद्र उभे राहिले आणि पुढे विक्रम यांचेच नाव त्याला देण्यात आले. त्याच मुलखात, खोडदला, नंतर महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहावी हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेच्या आखणीला या दुर्बिणीपायी हरकत घेतली गेली तेव्हा कित्येकांना तो शास्त्रज्ञांचा हट्ट वाटला. शांतता हेच जिचे भांडवल, ती जागा एकदा गमावल्यावर पुन्हा विकत मिळत नाही, हे त्या वादात फारसे कोणी बोलले नाही.

३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्यापासून जवळच असलेल्या कोवळमला झोपेतच साराभाईंचे निधन झाले. वय अवघे ५२. श्रीहरिकोट्याहून उपग्रह सुटलेला त्यांनी पाहिला नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी तेथून उपग्रहवाहक अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले, ते फसले, आणि सारा डोलारा बंगालच्या उपसागरात कोसळला. वृत्तपत्रांनी टीका केली. पण कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, तोच अग्निबाण यशस्वी झाला. चीनने आपले शिचांगचे तळ लष्करी सुरक्षिततेचा विचार करून समुद्रापासून दूर, डोंगराळ मुलखात वसविले होते. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी तेथील अग्निबाण सुटताच तिरपा झाला आणि जवळच्या वस्तीवर आदळला. सरकारी आकड्यानुसारही सहा माणसे दगावली.

श्रीहरिकोट्यालाही मर्यादा आहेच. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह सोडावयाचा तर अग्निबाणाला सरळ दक्षिणेस जाता येत नाही, कारण वाटेत श्रीलंका येते. आधी आग्नेयेस जाऊन मग वळावे लागते आणि त्या वळणात इंधन खर्ची पडते. मोठा अग्निबाण हा भुर्दंड सोसतो, लहानाला तो परवडत नाही. म्हणून लहान अग्निबाणांसाठी तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे कुलशेखरपट्टिनम ही तिसरी जागा निवडण्यात आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथे पायाभरणी झाली. त्या किनाऱ्यावरून थेट दक्षिणेस निघालेल्या अग्निबाणाच्या वाटेत केवळ समुद्र आहे.